चुनकळी, पोटॅश आणि तळणीचं तेल

वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: कॅटलिस्ट, म्हणजे प्रक्रिया घडवून आणणारा उत्प्रेरक, कुठला घ्यायचा? पण त्याआधी डबा उघडून बघायचा असतो. समजा, एक डबा वेफर्सच्या कारखान्यातून आलाय आणि दुसरा सोलापुरात सात रस्त्याजवळच्या भज्याच्या गाड्यावरून. दोन्ही पंधरा किलोचे, दोन्हींत मुळात पामोलिनच. पहिल्यात सुटी चरबीची आम्लं, म्हणजे धंद्याच्या भाषेत एफएफए, टक्काभर असतील. दुसऱ्यात ती चार-पाच टक्के सहज निघतात. शिवाय तळाशी बेसनाचा काळा गाळ, मीठ आणि वाटीभर पाणी. पहिल्याला साधा कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, पुरतो. दुसऱ्यात तोच पोटॅश ओतला की हाती साबण येतो. उत्प्रेरक कुठला, हे तेल ठरवतं. आपण फक्त ते मोजायचं.

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला लागलेल्या तीन लांब साखळ्या. मिथेनॉल येतं, एकेक साखळी सोडवून स्वतःला जोडून घेतं आणि मिथाइल एस्टर तयार होतं, तेच बायोडिझेल. शंभर किलो तेलाला साधारण अकरा किलो मिथेनॉल खर्ची पडतं, त्यातून शंभर किलोच्या आसपास बायोडिझेल आणि दहा किलोवर ग्लिसरीन निघतं. एवढा खटाटोप जाडी कमी करण्यासाठी. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन थेट शेंगतेलावर चालवून दाखवलं होतं, हे शेंगाचटणीच्या गावात सांगायलाच हवं; पण आजच्या इंजिनाच्या नोझलला तेवढं जाड तेल झेपत नाही. चाळीस अंशाला तेलाची व्हिस्कॉसिटी पस्तीस-चाळीस सेंटिस्टोक असते, एस्टर झाल्यावर ती चार-पाचवर येते.

एफएफए कढईतच तयार होतं. ओला घाणा एकशे ऐंशी अंशांच्या तेलात पडला की पिठातलं पाणी वाफ होताना तेलाच्या साखळ्याही तोडतं. हवेतला ऑक्सिजन वेगळंच काम करतो: रेणू एकमेकांना चिकटवतो, तेल काळं नि चिकट करतो. खाण्याच्या दृष्टीनं हे मोजायला टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे टीपीसी बघतात. १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल तळणीला वापरायला मनाई आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची रुको योजना सुरू केली. टीपीसी मीटर तेल खाण्यालायक राहिलं का एवढं सांगतो. इंधनासाठी त्याचा फारसा उपयोग नाही, कारण टीपीसी २८ असलेल्या तेलात एफएफए दीड टक्का असू शकतं आणि तेवढ्याच टीपीसीच्या दुसऱ्या तेलात पाच. मीटरवर विसंबून पोटॅश मोजणारे लोक आहेत. त्यांच्या टाकीत काय होतं ते पुढं येईलच.

आधी गाळणी. तेल पन्नास-साठ अंशांपर्यंत गरम करून शंभर मायक्रॉनच्या जाळीतून काढायचं, मग घट्ट विणीच्या सुती कापडातून. गावात टॉवेलला तोटा नाही म्हणून टर्किश टॉवेल लावू नका. त्याचे फासे सुटतात, धागे तेलात उतरतात आणि पुढं पंपाची जाळी चोंदते. गाळलेलं तेल उभ्या टाकीत चोवीस तास निवळू द्यायचं आणि खालच्या कॉकमधून पाणी नि गाळ सोडून द्यायचा. तळाला शंकूचा आकार असलेली टाकी इथं पैसे वसूल करते. सपाट तळाच्या टाकीत पाण्याचा पातळ थर राहतोच.

मग वाळवणी. तेल एकशे दहा अंशांपर्यंत न्यायचं, पण सावकाश आणि पंपानं फिरवत. तळाशी पाणी राहिलेलं असताना खालून एकदम आच दिली तर वाफेचा गोळा सगळं तेल वर उचलतो आणि उकळतं तेल टाकीबाहेर पडतं. बुडबुडे थांबले म्हणजे पाणी गेलं असं नाही. तवा चांगला तापवा, त्यावर चमचाभर तेल टाका. तडतडलं तर अजून पाणी आहे. फोडणीचा आवाज ओळखणाऱ्याला ही परीक्षा शिकवावी लागत नाही. तवा गप्प राहिला की तेल झाकून थंड करायचं. पावसाळ्यात उघडं ठेवलं तर ते पुन्हा ओलावा धरतं.

आता टायट्रेशन, म्हणजे तेलातलं सुटं आम्ल मोजणं. बाजारातला कॉस्टिक पोटॅश पाकळीच्या रूपात येतो आणि शुद्धता साधारण नव्वद टक्के असते. त्याच पोत्यातला एक ग्रॅम एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. पोतं तेच असू द्या, म्हणजे शुद्धतेचा हिशोब आपोआप जुळतो. एका छोट्या बाटलीत दहा मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन घाला आणि फिकट गुलाबी येईपर्यंत पोटॅशचं पाणी थेंब थेंब सोडा. हे अल्कोहोलची स्वतःची आंबट बाजू काढून टाकण्यासाठी. मग त्यात मोजून एक मिली तेल. गुलाबी जातो. आता सिरिंजनं पोटॅशचं पाणी सोडत, हलवत राहा. गुलाबी परत येऊन तीस सेकंद टिकला की थांबा. जितके मिली लागले तितके ग्रॅम जादा पोटॅश दर लिटर तेलाला. तीनदा करा, सरासरी घ्या. एक मिली तेल मोजताना सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला तर आकडा हलका येतो, आणि शंभर लिटरच्या बॅचमध्ये ती चूक शंभर पटीनं वाढते.

या मिलींना साधारण ०.५ नं गुणलं की एफएफएची टक्केवारी येते. दोन मिली म्हणजे एक टक्का; दहा मिली म्हणजे पाच टक्के. चार मिलीच्या आत आकडा असेल तर सरळ पोटॅशची वाट धरावी. त्यापुढं आधी आम्लाची पायरी. मधल्या पट्ट्यात काही जण रेटून नेतात. होतं, पण डिझेल कमी आणि साबण जास्त पदरी पडतो.

सरळ वाटेचा हिशोब शंभर लिटरला असा. टायट्रेशन दोन मिली आलंय असं धरू. कुठल्याही तेलाला लागणारे मूळ सात ग्रॅम आणि जादा दोन, म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम, एकूण ९०० ग्रॅम पोटॅश. मिथेनॉल पुस्तकाप्रमाणे रेणूंच्या हिशोबात एकास सहा, म्हणजे २५ लिटर. ही गरजेच्या दुप्पट मात्रा आहे, कारण प्रक्रिया दोन्ही दिशांनी चालते आणि मिथेनॉल जास्त असलं तरच ती पुढं रेटली जाते. दोन टप्प्यांत केलं तर २२ लिटरमध्येही भागतं. पहिल्या टप्प्यात साडेसतरा लिटर मिथेनॉलमध्ये ७२० ग्रॅम पोटॅश, तेल पंचावन्न ते साठ अंशांवर, एक तास ढवळणं. तासभर निवळू द्या, खाली आलेलं ग्लिसरीन सोडून द्या. ते निघालं की उलटी दिशाच बंद होते. उरलेलं साडेचार लिटर मिथेनॉल आणि १८० ग्रॅम पोटॅश मग घाला, पुन्हा तासभर. नंतर रात्रभर निवळणं.

तापमान साठच्या वर नेऊ नका. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, आणि सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच असल्यानं इथं त्याहून किंचित आधीच. पोटॅश मिथेनॉलमध्ये विरघळताना चांगलंच तापतं. म्हणून झाकणबंद एचडीपीईच्या कॅनमध्ये, थोडं थोडं घालून, आणि मे महिन्यात असेल तर पहाटे. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत मिथेनॉलचा कॅन उघडला की वाफ जमिनीवर पसरते, आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. साधी मोटर, साधा स्विच, गॅसची शेगडी यांतलं काहीही त्या खोलीत नको. मिथेनॉल पोटात गेलं तर आंधळेपणा आणि मृत्यू येतो. श्वासातून नि कातडीतूनही ते शरीरात जातं. ते परवान्याशिवाय साठवायचं नसतं, हेही आलंच. ॲल्युमिनियमची भांडी आणि जस्त चढवलेले पाइप पोटॅशच्या वाटेला जाऊ देऊ नका.

काय बिघडतं? सगळी टाकी पिवळ्या दह्यासारखी गोठली तर पोटॅश जास्त पडलाय, नाहीतर पाणी राहिलंय. पाणी तेलाचा रेणू तोडतं, त्यातून एफएफए सुटतं आणि पोटॅश त्याला लगेच साबणात धरतो. एक टक्का एफएफए म्हणजे शंभर लिटरला किलोभर साबण. पाच टक्क्यांच्या तेलात पाच किलो. हा साबण बायोडिझेल आणि ग्लिसरीन दोघांना धरून ठेवतो, म्हणून थर वेगळे होत नाहीत. थर वेगळे झाले पण ग्लिसरीन कमी निघालं, तर प्रक्रिया अर्धवट आहे.

ते तपासायची परीक्षा साधी: सत्तावीस मिली मिथेनॉलमध्ये तीन मिली बायोडिझेल घालून हलवायचं. पूर्ण विरघळलं तर पास. तळाशी तेलाचा थेंब बसला तर न झालेलं तेल शिल्लक आहे. पण ही परीक्षा वीस-बावीस अंशांची आहे. एप्रिल-मेमध्ये खोलीतलं मिथेनॉल चाळिशीला असतं, त्यात न झालेलं तेलही बऱ्यापैकी विरघळून जातं आणि नापास बॅच पास दिसते. दोन्ही बाटल्या आधी माठाशेजारच्या ओल्या पोत्यात किंवा बर्फाच्या पाण्यात ठेवून थर्मामीटर लावा. उन्हाळ्यातली कितीतरी चांगली डिझेलं जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत खराब कशी झाली, याचं उत्तर बरेचदा या बाटलीत असतं.

धुणं: कोमट पाण्याचा बारीक फवारा वरून, ढवळायचं नाही. पहिल्याच पाण्याला जोरात हलवलं तर साबणामुळं लोण्यासारखं इमल्शन होतं. ते मोडायला गरम करून मिठाचं पाणी सोडावं. आम्ल घातलं तरी मोडतं, पण साबणाचं पुन्हा एफएफए होऊन डिझेलमध्येच बसतं. बोअरचं क्षाराचं पाणी तर अजिबात नको; त्यातलं कॅल्शियम साबणाला धरून न विरघळणारा पांढरा कचरा करतं. आरओचं पाणी घ्या. निघणारं पाणी नितळ आलं की डिझेल पुन्हा वाळवायचं. आयएस १५६०७ या मानकात आम्लांक ०.५० च्या आत, पाणी किलोला ५०० मिलिग्रॅमच्या आत, एस्टर किमान ९६.५ टक्के आणि सोडियम-पोटॅशियम मिळून किलोला ५ मिलिग्रॅमच्या आत लागतं. शेवटचा आकडा बघितला की धुण्याचा कंटाळा जातो.

आता गाड्यावरचं तेल. एफएफए पाच टक्के, शंभर लिटर म्हणजे ९२ किलो तेलात ४.६ किलो सुटं आम्ल. दर किलो आम्लाला सव्वादोन किलो मिथेनॉल आणि पन्नास ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड. म्हणजे इथं साधारण १३ लिटर मिथेनॉल आणि २३० ग्रॅम ॲसिड. ॲसिड मिथेनॉलमध्ये घालायचं, थेंब थेंब, गॉगल लावून. साठ अंशांवर दीड-दोन तास ढवळलं की सुट्या आम्लाचं सरळ एस्टर होतं. सोबत पाणीही तयार होतं आणि तेच पुढची वाट अडवतं. ढवळणं थांबवलं की मिथेनॉल, पाणी नि ॲसिड यांचा थर वर येतो. तो काढायचा, परत टायट्रेशन करायचं. दोन मिलीच्या आत आलं तर पोटॅशची वाट, नाही तर आणखी एक फेरी. उरलेलं ॲसिड मारायला लागणारा पोटॅश या टायट्रेशनच्या आकड्यात आलेलाच असतो, वेगळा धरू नका. लोखंडी टाकी या कामाला टिकत नाही.

साबण, धुणं, सांडपाणी हे सगळं टळावं म्हणून घन उत्प्रेरक. तेलात विरघळत नाही, काम झालं की गाळून काढा. सगळ्यात स्वस्त म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, आपली चुनकळी. भुर्जीच्या गाड्यांवर नि बेकऱ्यांत अंड्यांची टरफलं पोत्यानं निघतात आणि टरफल जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटच असतं. उकळत्या पाण्यात धुऊन आतला पापुद्रा सोलायचा, वाळवायचं, दळायचं, बारीक चाळणीतून काढायचं आणि मफल फर्नेसमध्ये, म्हणजे बंद भट्टीत, ९०० अंशांवर तीन तास भाजायचं. पूड आधी काळी पडते, मग राखाडी, शेवटी शुभ्र. मधे करडेपणा राहिला तर कार्बोनेट पुरतं फुटलेलं नाही. एक किलो टरफलातून अर्धा किलोवर थोडं हाती येतं, बाकीचं कार्बन डायऑक्साइड होऊन गेलेलं असतं.

खरी गंमत पुढं आहे. ही पूड उघडी ठेवली की हवेतलं पाणी नि तोच कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेते आणि पुन्हा निवांत टरफल व्हायला लागते. पानाला लावायचा चुना म्हणूनच उपयोगाचा नाही. तो आधीच पाणी पिऊन बसलेला. भट्टीतून काढून कोमट असतानाच हवाबंद डब्यात, शक्यतो त्याच दिवशी वापर. चिमूटभर पुडीवर पाण्याचे दोन थेंब टाका; चटकन तापून फुगली तर जिवंत आहे.

वापरताना आधी पूड मिथेनॉलमध्ये तासभर ढवळून घ्यावी, पृष्ठभागावर मिथॉक्साइड बनतं आणि सुरुवातीची सुस्ती जाते. तेलाच्या वजनाच्या तीन ते पाच टक्के पूड, मिथेनॉल रेणूंच्या हिशोबात एकास नऊ ते बारा, तापमान साठ-पासष्ट, वर कंडेन्सर, वेळ तीन तास. पोटॅशपेक्षा वेळ जास्त, कारण इथं तेल, मिथेनॉल नि घन कण असे तिघे आहेत आणि तिघांची गाठ कणाच्या पृष्ठभागावरच पडते. ढवळणं ढिलं पडलं तर काहीच होत नाही.

चुना धुण्यापासून सुटका करतो हे अर्धसत्य आहे. थोडं कॅल्शियम ग्लिसरॉलशी जोडलं जाऊन विरघळतंच, आणि तेलात एफएफए असेल तर कॅल्शियमचा साबण होतो, जो पाण्यानं निघत नाही आणि पाच मायक्रॉनचा फिल्टर दहा मिनिटांत बुजवतो. मानकात कॅल्शियम-मॅग्नेशियमलाही किलोला ५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे शेवटी असे क्षार धरून ठेवणाऱ्या आयन एक्स्चेंज रेझिनमधून डिझेल काढावंच लागतं. पुन्हा वापरायचा चुना मिथेनॉलनं धुऊन परत भाजावा लागतो, कारण कणांवर ग्लिसरीनचा लेप बसलेला असतो. एफएफए एक टक्क्याच्या आत असलेल्या स्वच्छ तेलाला चुना ठीक. गाड्यावरच्या तेलावर तो वाया जातो.

त्या तेलाला घन आम्ल हवं. सल्फोनिक गटाचं रेझिन मिळतं, एकशे वीस अंशांपर्यंत टिकतं. मात्र तेलातलं पाणी नि सोडियम त्याला मारतात. साखरेसारख्या पदार्थाचा अर्धवट कोळसा करून त्यावर सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया केली की तसंच काम करणारा काळा उत्प्रेरक मिळतो. उसाच्या चिपाडापासूनही तो होतो. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात कच्च्या मालाची ददात नाही, पण तापत्या सल्फ्युरिकशी शेडमध्ये खेळायचं नाही. लायपेज एन्झाइम एफएफए आणि पाणी दोन्ही सहन करतं, चाळीस अंशांवर चालतं. महाग आहे, मिथेनॉल एकदम दिलं तर मरतं, तीन हप्त्यांत द्यावं लागतं.

हे सगळं करूनही बायोडिझेलमध्ये ऑक्सिजन अकरा टक्के राहतो. म्हणून किलोमागं ताकद थोडी कमी, साठवणीत आंबणं, रबरी होज फुगणं, पितळ-तांब्याच्या फिटिंगशी भांडण. पामोलिनपासून केलेलं तर जानेवारीच्या पहाटे पांढरं धरतं. याहून चांगलं इंधन हवं तर ऑक्सिजनच काढून टाकावा लागतो, आणि ते काम रिफायनरीचं. अल्युमिनावर बसवलेला निकेल-मॉलिब्डेनम उत्प्रेरक, तीनशे ते चारशे अंश, तीस ते शंभर बार दाबाचा हायड्रोजन. ऑक्सिजन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघतो, ग्लिसरॉलच्या कण्याचा प्रोपेन होतो, आणि उरतात सरळ साखळीचे हायड्रोकार्बन, म्हणजे खरंखुरं डिझेल. सीटेन, म्हणजे इंजिनात चटकन पेट घेण्याचा आकडा, सत्तरच्या पुढं. फिनलंडच्या नेस्टे कंपनीचा पोर्व्होचा असा प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला.

तिथंही एका उत्प्रेरकानं भागत नाही. अठरा कार्बनची सरळ साखळी २८ अंशांना गोठते, सतराची २२ ला. सोलापुरात मे महिन्यात डिझेल, जानेवारीत मेण. म्हणून प्लॅटिनम असलेल्या दुसऱ्या उत्प्रेरकावर साखळीला फांद्या फोडतात. आणखी फोडून हलकं केलं की विमानाचं इंधन. २७ ऑगस्ट २०१८ ला डेहराडूनहून दिल्लीला गेलेल्या विमानात तिथल्या आयआयपीनं (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पेट्रोलियम) जट्रोफापासून केलेलं असं इंधन मिसळलं होतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भारतानं २०२७ ला एक, २०२८ ला दोन आणि २०३० ला पाच टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट ठेवलंय. तळणीच्या तेलाला मागणी येते ती इथून.

तीनशे अंश आणि पन्नास बार हायड्रोजन अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये उभा करण्याच्या फंदात कुणी पडू नये. गावातून होण्यासारखं काम आहे ते तेल नीट करून पाठवण्याचं, आणि तिथं अडतं ते मिठावर. भजी, शेव, फरसाण यांचं मीठ तेलातल्या पाण्याच्या थेंबांत बसून राहतं. त्यातलं सोडियम उत्प्रेरकाची छिद्रं बुजवतं आणि क्लोराइड रिॲक्टरच्या स्टेनलेस स्टीलला तडे पाडतं. हा उत्प्रेरक गंधकावर जगतो. वनस्पती तेलात गंधक नसल्यानं वरून डायमिथाइल डायसल्फाइड द्यावं लागतं. पण फॉस्फरस, कॅल्शियम नि सोडियम बसले की त्यावर इलाज नाही, उत्प्रेरकाचा सगळा थर, म्हणजे बेड, उपसावा लागतो.

म्हणून तेल वाळवायच्या आधी त्यातलं मीठ धुऊन काढायचं. तेल ऐंशी अंशांवर, त्यात पाच टक्के गरम आरओ पाणी, पाण्यात चिमूट सायट्रिक ॲसिड, अर्धा तास हलक्या हातानं ढवळून रात्रभर निवळ. खालच्या पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवा. पहिल्या धुण्याचा आकडा हजारांत जातो, तिसऱ्याला शेकड्यावर यायला हवा. नाही आला तर तळाचा बेसनाचा गाळ नीट काढलेला नाही. मीठ त्यातच अडकलेलं असतं, आणि कितीही पाणी ओतलं तरी तिथून हलत नाही.